उलट्या पिळाची दोरी

गजभिये मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्या बायकोने त्यांना खुर्ची दिली. ते खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली आणि बघता बघता ते आमच्या बैठकीच्या फरशीवर उताणे झाले. डोकं खुर्चीखाली, पाय दाराकडे. बायको पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी. तिला वाटलं, पाहुण्यांना चक्कर आली.

"घाबरू नका बाई," खुर्चीखालून आवाज आला. "मागचा उजवा पाय अर्धा बोट आखूड आहे."

"मिस्त्री, खुर्ची चांगली आहे हो," मी म्हणालो. "लग्नात मिळालेली आहे."

"वरून नका सांगू, बाबूजी. खालून पाहू द्या."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. ड्रायव्हर सांगायचा, ठोकर हलकीच लागली, फक्त बंपर गेला. मालक सांगायचा, गाडी नवी आहे. सगळ्यांना उत्तर हेच. माझ्या मेहुण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही बिरशाला गेलो, तेव्हा यांना सोबत नेण्याची चूक मी केली. मुलगी चहा घेऊन बाहेर आली आणि मिस्त्री तिच्या वडिलांच्या खाटेखाली. मुलीचे वडील माझ्याकडे पाहतात, मी छताकडे पाहतो. दोन मिनिटांनी मिस्त्री कपडे झटकत बाहेर आले आणि म्हणाले, "खाट चौकात आहे, चारी कोपरे बरोबर. पंचवीस वर्षांची खाट चौकात ठेवते तो मानूस चांगला. करून टाका." लग्न झालं. संसार उत्तम चालला आहे. मेहुणा आजही श्रेय खाटेला देतो.

हे गजभिये मिस्त्री म्हणजे बालाघाटात ठोकर खाल्लेल्या गाड्यांचं शेवटचं ठिकाण. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि आम्ही बरेच मराठी बाबू मध्य प्रदेशात राहिलो, त्यानंतरची ही वर्षं. फाइली हिंदीत लिहायच्या आणि भांडणं मराठीत करायची, असा आमचा कारभार. आमचं खातं कोणतं हे मी सांगत नाही, कारण पेन्शन अजून सुरू आहे. एवढंच सांगतो, की खात्याच्या जीपगाड्यांची फाईल माझ्याकडे होती. बैहरच्या जंगलातल्या रस्त्यांवर जीप धडकली नाही असा महिना जात नसे. धडकलेली प्रत्येक जीप शेवटी बैहर रोडवरच्या मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची, आणि तिच्यामागे सायकलवर मी.

बाकी मिस्त्री गाडीचा पत्रा ठोकत, रंग लावत. यांना वरच्या पत्र्याशी घेणंदेणंच नव्हतं. यांचं सगळं लक्ष चेसीवर, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या लोखंडी सांगाड्यावर. "पत्रा म्हंजे कपडे," ते म्हणत. "कपडे कोनीबी शिवून देते. हाडं कोन पायते?"

हाडं पाहण्याची त्यांची पद्धत मी नंतर गोंदियालाही पाहिली, पण इतक्या इमानदारीने कोणी करत नसे. गाडी सपाट फरशीवर उभी करायची. चेसीच्या ठरलेल्या बोल्टांवरून गवंड्याचा ओळंबा खाली सोडायचा आणि त्याच्या टोकाखाली फरशीवर खडूने फुली मारायची. सगळ्या फुल्या मारून झाल्या की गाडी ढकलून बाहेर काढायची. फरशीवर नुसत्या फुल्या उरत. मग एका कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची, तिच्यावर खूण करायची आणि तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरायची. दोन्ही तिरप्या रेषा सारख्या भरल्या तर गाडी चौकात. नाही भरल्या तर हाडाला मार बसलेला. मग शेडच्या मागे जमिनीत पुरलेल्या रुळाच्या तुकड्याला साखळीने बांधून, भात्याने लोखंड तापवून, जॅक लावून ती गाडी सरळ करायची. या फुल्यांना ते गाडीची पत्रिका म्हणत. प्रत्येक पत्रिका एका जाड वहीत उतरवून ठेवत आणि खाली शेरा लिहीत. "मागचा डावा दुखावला आहे, पन सांगत नाई." "हिनं लय शिव्या खाल्ल्या आहेत." "ड्रायव्हर गाडीपेक्षा वाकडा."

त्या फरशीवर चप्पल घालून पाय ठेवायची कोणाची छाती नव्हती. आमचे एक साहेब बूट घालून आत शिरले, तर मिस्त्रींनी त्यांना बाहेर उभं करून त्यांच्या बुटांचे तळ पाहायला मागितले. ही त्यांची दुसरी खोड. टायर कुठे झिजलं त्यावरून गाडी कुठे ओढते ते कळतं, तसं चप्पल पाहून माणूस कुठे ओढतो ते कळतं, अशी त्यांची खात्री होती. माझी चप्पल उलटी करून त्यांनी निकाल दिला होता, "बाबूजी, तुमी उजवीकडे ओढून राह्यले." मी महिनाभर रस्त्याने चालताना स्वतःवर लक्ष ठेवलं. खरंच ओढत होतो.

मिस्त्री एकटे काम करत. हाताखाली माणूस ठेवला नाही. दोरी ताणायची वेळ आली की जो कोणी समोर असेल त्याला म्हणत, "हात धुऊन या. टोक धरा." एकदा किरनापूरकडून वऱ्हाडाची बस आली. वाटेत पुलाच्या कठड्याला घासली होती आणि चाक चिखलात गेल्यासारखी एका बाजूला ओढत होती. मुहूर्त टळत चाललेला, नवरदेवाचा बाप हातघाईवर आलेला.

"मिस्त्री, बस चालते आहे ना? मंग काहून अडवून राह्यले?"

"मुहूर्त दुसरा निघते. पुढच्या पुलाले कठडा निघनच असं नाई," मिस्त्री म्हणाले आणि बसखाली शिरले. वऱ्हाडाने बस ढकलली, वाजंत्रीवाले पायऱ्यांवर बसून विड्या ओढू लागले. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. रिकाम्या हाताचा एकच माणूस दिसला, तो नवरदेव. "हात पुसून या. हळद दोरीले लागू नका देऊ." बाशिंग बांधलेला तो पोरगा धोतर सावरत उकिडवा बसला आणि त्याने अर्धा तास टोक धरलं. बस चौकात निघाली नाही. वऱ्हाड बैलगाड्यांनी गेलं. दोन वर्षांनी तोच नवरदेव मुलाला घेऊन मिस्त्रींच्या पाया पडायला आला होता, कारण त्या बसचं पुढे काय झालं असतं ते त्याने मनातल्या मनात बरंच रंगवलं होतं.

आता या दोरीबद्दल सांगायला हवं. अंबाडीची दोरी, तीन-चार वाव म्हणजे पंधराएक हात लांब, हातांच्या तेलाने काळसर झालेली. बिस्किटाच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेली. तिचा पीळ उलटा होता. बाजारातली कोणतीही दोरी उजव्या पिळाची, ही डाव्या. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, ही कुठून आणली?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि मँगनीजच्या ट्रकांबद्दल बोलायला लागले.

मला वाटलं, बिचाऱ्यांकडे चांगलं माप नाही. नागपूरला गेलो होतो तेव्हा मी त्यांच्यासाठी पोलादी फीत आणली. टोकाला हूक, बोट दाबलं की सरसर आत जाणारी. मिस्त्रींनी ती ओढली, सोडली, पुन्हा ओढली. माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग भिंतीवर खिळा ठोकून तिला तिथे टांगलं. रोज फडक्याने पुसत. वापरली एकदाही नाही. विचारलं तर म्हणायचे, "पाव्हनी आहे. पाव्हनीले कामाले लावते काय कोनी?"

माझा थोडा अपमान झाला होता, हे कबूल करतो.

आमच्या खात्यात हिरालाल नावाचा ड्रायव्हर होता. आठ वर्षं कच्च्या नोकरीवर. पक्क्या नोकरीचा त्याचा कागद साहेबांच्या सहीपर्यंत पोहोचला होता आणि त्याच्या घरी त्या सहीच्या भरवशावर धाकट्या भावाची शाळा, आईची औषधं, सगळं चाललं होतं. त्याची जीप श्रावणात एका झाडाला मागून घासली होती. मिस्त्रींनी ती तपासली आणि वहीत शेरा लिहिला, गाडी सरळ. तरी हिरालाल येता-जाता म्हणत राहिला, "बाबूजी, गाड़ी बाईं तरफ खींचती है. घाटात भीती वाटते."

मी त्याला मिस्त्रींकडे घेऊन गेलो. मिस्त्रींनी गाडी पुन्हा पाहिलीच नाही. त्यांनी हिरालालची चप्पल पाहिली. डावीकडे झिजलेली. "गाडी नाई, तूच ओढून राह्यला," ते म्हणाले. शेडमधली माणसं हसली, मीही हसलो. हिरालालने गाडीबद्दल लेखी अर्ज दिला, त्यावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गाड़ी की जाँच हो चुकी है, सीधी है।'

दिवाळीनंतर बैहरच्या घाटात ती जीप रस्ता सोडून सागाच्या झाडावर गेली. हिरालालच्या कपाळाला तीन टाके पडले, साहेबांचा हात मोडला. साहेब मागे डुलक्या घेत होते. जागे झाले ते झाडापाशीच. त्यांनी अहवालात लिहिलं की ड्रायव्हर झोपला होता. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं. पण तो अहवाल मंजूर झाला असता तर हिरालालची पक्की सोडाच, कच्ची नोकरीही गेली असती. आणि ती फाईल तयार करायची होती मला.

जीप ओढून शेडमध्ये आणली. मिस्त्री उताणे होऊन आत सरकले. मी बाहेर उकिडवा. हिरालाल डोक्याला पट्टी बांधून शेडच्या दाराशी उभा. त्याला आत यायला कोणी सांगितलं नव्हतं आणि चप्पल तर त्याने रस्त्यावरच काढून ठेवली होती.

एरवी मिस्त्री गाडीखाली बडबडत असत, गाडीशीच. आज ते माझ्याशी बोलले, "बाबूजी, पुढची वाक नवी आहे. झाडाची आहे. पन मागच्या आडव्या पट्टीले भेग आहे, अन् भेगेत गंज आहे."

"म्हणजे?"

"गंज आठ दिवसात नाई चढत."

ते बाहेर आले, हात पुसले आणि वही काढली. श्रावणातलं पान उघडून त्यांनी वाचलं आणि वही माझ्या हातात दिली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'एक रेघ घेतली. वरून पत्रा गळला, दोरी भिजली. पुसून दुसरी रेघ घेतली. दोनी सारख्या. गाडी सरळ.'

मला काही कळलं नाही. मिस्त्रींनी डब्यातून दोरी काढली, फरशीवर ताणली, दोन टोकांपाशी फुल्या मारल्या. मग तीच दोरी बादलीत बुडवली, पुसली आणि त्याच दोन फुल्यांवर धरली. ती पुरली नाही. तब्बल दोन बोटं आखूड भरली.

भिजली की अंबाडीची दोरी आखडते. खाटा विणणाऱ्या आमच्या भागात हे कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. मिस्त्रींनाही माहीत होतं. कोरड्या दोरीने लांब रेघ मोजली, ओल्या दोरीने आखूड रेघ मोजली, आणि दोन्ही सारख्या भरल्या. दुसऱ्या कोणत्याही दोरीवर त्यांनी संशय घेतला असता.

"ही खोटं बोलन, असं माह्या मनातच नाई आलं," ते म्हणाले.

मग ते दाराशी गेले आणि हिरालालसमोर उभे राहिले. "तुही चप्पल दाखव." हिरालालने गोंधळून चप्पल आणून दिली. मिस्त्रींनी ती उलटी केली, पाहिली आणि त्याच्या हातात परत दिली. "गाडीनं तुले वाकडं केलं बावा. तू गाडीले नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मिस्त्री आमच्या हापिसात आले. धुतलेलं धोतर, कोट, एका हातात बिस्किटाचा डबा, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेली बादली. शिपायाने बादली बाहेर ठेवायला सांगितली. मिस्त्री म्हणाले, "मी बाहेर राह्यतो, बादली आत जाऊ दे. साक्ष तिची आहे." शेवटी दोघंही आत गेले.

साहेब गळ्यात हात अडकवून बसले होते. मिस्त्रींनी आधी वाकून त्यांच्या टेबलाखाली एक नजर टाकली, ती सवयच होती. मग त्यांनी हिंदीत सांगायला सुरुवात केली. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जरा जोरात बोललेली. साहेबांच्या गालिच्यावर दोरी ताणली, बुडवली, पुन्हा ताणली. वहीचं पान दाखवलं. गंजाबद्दल सांगितलं. "ड्रायवर सोया नहीं था साहब. गाड़ी टेढ़ी थी. मैंने सीधी बोला. गलती मेरी है, लिखो."

साहेबांनी ओल्या गालिच्यावरून पाय मागे घेतले. मग विचारलं, "इतने पुराने मिस्त्री हो, एक फीता क्यों नहीं रखते?"

मिस्त्री ओली दोरी फडक्याने पुसायला लागले. मी तोंड उघडलं, फीत तर मी स्वतःच आणून दिली आहे असं सांगणार होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं आणि त्याऐवजी भलतंच बोलून गेलो, की हिरालालने तक्रार केली होती, आणि तिच्यावर तो शेरा मी लिहिला होता. ते सांगायचं मी ठरवलं नव्हतं. पण समोर माणूस बादली घेऊन उभा असताना गप्प बसणं जमलं नाही.

साहेबांनी अहवाल मागे घेतला. हिरालालला पुढे पक्क्या नोकरीचा कागद मिळाला. मला एक ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात अजून आहे. आणि मिस्त्रींच्या वाट्याला हे आलं की आमच्या खात्याच्या गाड्या त्यांच्याकडे पाठवू नयेत, असा हुकूम निघाला. तो टाइपही मलाच करावा लागला. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पानठेल्यावर लोक विचारू लागले, "काहो, दोरी वाळली काय?" मिस्त्री हसत आणि म्हणत, "हौ, वाळत घातली आहे."

मला मात्र वाईट वाटत होतं. दोन महिने मी त्या रस्त्याने गेलोच नाही. मग गोंदियाहून सरळ होऊन आलेली आमची एक जीप खेकड्यासारखी तिरपी चालायला लागली, साहेबांनीच कपाळाला हात लावला आणि मला म्हणाले, "जाओ, उसी बाल्टीवाले के पास ले जाओ." मी सायकल काढली.

शेडमध्ये पोहोचलो तेव्हा फरशीवर कोण्या ट्रकच्या फुल्या होत्या आणि मिस्त्री गुडघ्यांवर बसून माप घेत होते. पोलादी फितीने. टोकाच्या हुकावर त्यांनी वीट ठेवली होती. फीत सरसर ताणली, आकडा वहीत लिहिला. दुसरी रेघ, दुसरा आकडा. सगळं दोन मिनिटांत झालं. कोणाला टोक धरायला बोलवायची गरजच नव्हती.

"पाहुणी लागली वाटतं कामाला," मी म्हणालो. मला फार आनंद झाला होता.

"चांगली आहे," मिस्त्री म्हणाले. "खोटं नाई बोलत. मी उगाच टांगून ठेवलती."

आणि मग त्यांनी कोनाड्यातून बिस्किटाचा डबा काढला. फडकं सोडलं. दोरी बाहेर काढली, अगदी कोरडी आहे ना ते दोन बोटांत धरून पाहिलं.

"आता ही कशाला मिस्त्री? माप तर झालं."

ते दोरीचा गुंता सोडवत होते. वर न पाहता म्हणाले, "ही माह्या घरवालीनं वळली होती, बाबूजी. शेड टाकली त्या वर्षी. आमच्याजोळ काईच नोतं, ओळंबाबी मांगून आनलेला. आंगनात बसून तिनं चार दिवस अंबाडी वळली. डाव्या हाताची होती ती, म्हनून पीळ उलटा." त्यांनी एक गाठ सोडवली. "टोकबी तीच धरे. एवढं ताणून धरे का मीच म्हनो, बाई, तुटन. तीन वर्सं धरलं तिनं. मंग गेली."

इतकी वर्षं नवरदेवापासून चपराशापर्यंत सगळ्या गावाने ते टोक धरलं होतं, आणि ती जागा कोणाची आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. चप्पल काढण्याच्या निमित्ताने मी खाली वाकलो.

"फितीनं पयले मोजतो," मिस्त्री म्हणाले. "वहीत आकडा फितीचाच. पन नंतर एक डाव हिलेबी ताणतो. एका चुकीसाठी काढून टाकलं, असं तिले वाटू नये."

मग त्यांनी त्यांच्या बाजूचं टोक फुलीवर धरलं, दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "पायता काय बाबूजी? हात धुऊन या. टोक धरा."

मी बाहेरच्या नळावर जाऊन, साबण लावून, हात धुऊन आलो.